सशुल्क सेवा आणि हिशेबाचा संकोच

वृद्धाश्रमाविषयी आपल्या नियतकालिकांतून आजवर पुष्कळ लिहून आले आहे. त्यातील काही लेखन अश्रूंनी भिजलेले असते, तर काही रागाने तापलेले. मुलगे कसे कृतघ्न, सुना कशा उर्मट आणि जुन्या एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसाला कसे मानाचे पान होते, हे वाचून वाचक हळहळतो आणि पान उलटतो. या हळहळीत एक साधी गोष्ट झाकली जाते. आपल्या ओळखीपाळखीच्या घरांतील जी वृद्ध माणसे आज अशा संस्थांतून राहतात, त्यांतील अनेकजण तेथे दरमहा पैसे मोजून राहतात. त्या पैशांची पावती असते, करारपत्र असते, अनामत रक्कम असते. आणि जेथे हे सारे असते तेथे आज ना उद्या तक्रारही असते. या तक्रारीचे पुढे काय होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर, पुढे काहीच होत नाही; ती घरातल्या घरात जिरते. मेथीच्या जुडीसाठी चार गाड्या फिरणारा आणि विजेचे बिल चढे आले तर कचेरीत हेलपाटे घालणारा गृहस्थ आईच्या वृद्धाश्रमाचे बिल मात्र न वाचता भरतो. आईला घराबाहेर ठेवले, या एकाच गोष्टीने त्याचे मन आधीच खाली मान घालून बसलेले असते. आता तिच्या दुधाचा आणि औषधाचा हिशेब विचारायचा म्हणजे तिच्या जिवाची किंमत करणे, असे त्याला वाटते. बिल पाठविणाऱ्यासही हे ठाऊक असते. शिवाय 'आश्रम' हा शब्दच असा आहे की, तेथे दिलेल्या पैशाला आपल्या मनात आपोआप दक्षिणेचे रूप येते. दक्षिणेचा हिशेब कोण मागतो?

आपल्या सीमाभागापुरते पाहू. टिळकवाडी, शहापूर, वडगाव येथील जुन्या घरांतून आणि खानापूरकडच्या खेड्यांतून पुढची पिढी पुण्यास गेली, बंगळूरास गेली, आखातात गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची व्यवस्था कोणी वृद्धाश्रमात केली, कोणी 'ब्युरो'मार्फत घरी बाई ठेवून केली. काही घरांत वयाने चाळिशी ओलांडलेले, पण समजुतीने लहानच राहिलेले मूल असते. आई-वडील थकले की त्याच्यासाठीही निवासी संस्था शोधावी लागते. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. पैसे देणारा एक, सेवा घेणारा दुसरा आणि करारावर सही करणारा पुष्कळदा तिसराच. पैसे आखातातून येतात, सही जावयाची असते आणि आमटीत मीठ नाही हे फक्त आजींना ठाऊक असते. त्यात करारपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत. दाखल करण्याच्या दिवशी घाई असते, आजींचे डोळे भरून आलेले असतात, आणि पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सही होऊन जाते. बडोद्याकडील आपल्या बांधवांची गुजरातीबाबत आणि ग्वाल्हेर-इंदूरकडील मंडळींची कचेरीतल्या हिंदीबाबत हीच अडचण असणार. बोलीभाषा म्हणून एखादी भाषा येणे वेगळे आणि तिच्यातील कराराची कलमे समजणे वेगळे. म्हणून पहिली सूचना अगदी प्राथमिक आहे. सही करण्यापूर्वी कराराची प्रत एक रात्र घरी आणावी आणि ती भाषा उत्तम जाणणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी. जी संस्था एका रात्रीसाठीही प्रत देत नाही, तिच्याविषयी तेवढ्यावरूनच पुष्कळ काही कळते.

वाचायचे काय? दरमहाचा आकडा सर्वजण वाचतात. वाद सहसा त्या आकड्यावरून होत नाही. वाद होतो तो त्याच्या आसपासच्या बारीक अक्षरांवरून. प्रवेशाच्या वेळी घेतलेली मोठी रक्कम परत मिळण्याजोगी अनामत आहे की न परतणारे प्रवेशशुल्क? ती परत मिळणार असेल तर दरवर्षी तिच्यातून काही कापले जाते काय? दरवाढ केव्हा व किती, आणि तिची सूचना किती दिवस आधी? 'स्वतःचे स्वतः करणारा' आणि 'दुसऱ्यावर अवलंबून असणारा' असे दोन दर असतात. पहिल्यातून दुसऱ्यात माणसाची बदली कोण ठरवितो, डॉक्टर की व्यवस्थापक? माणूस रुग्णालयात असेल तेव्हा खोलीचे भाडे चालू राहणे एकवेळ समजू शकते, पण जेवणाचे पैसे? रात्रीसाठी वेगळी बाई लागली तर तिचे पैसे परस्पर द्यायचे की संस्थेमार्फत? आणि सर्वांत अवघड प्रश्न, जो दाखल करण्याच्या दिवशी कोणाच्याच तोंडून फुटत नाही: माणूस गेल्यावर महिन्याच्या उरलेल्या दिवसांचे काय? ब्युरोच्या बाबतीत याच जातीचे आणखी काही प्रश्न आहेत. बारा तासांची बाई म्हणजे मधल्या दोन तासांच्या विश्रांतीसह बारा की त्याखेरीज, ती चार दिवस आली नाही आणि बदली बाईही मिळाली नाही तर ते दिवस कापले जातात की नाही, आणि बाई चांगली निघाली म्हणून पुढे आपण तिला थेट कामावर ठेवले तर ब्युरो दंड मागणार काय, हे आधीच विचारलेले बरे.

आता कायद्याचा भाग. तो रुक्ष आहे, पण त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

सारा घोळ एका जुन्या संभ्रमातून निर्माण होतो. दिलेला पैसा देणगी आहे की मोबदला? ग्राहक संरक्षणाचा मूळ कायदा १९८६ सालचा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. दोन्ही कायद्यांनी विनामूल्य सेवा आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. मोबदला घेऊन दिलेली सेवा मात्र कक्षेत येते. 'आमची धर्मादाय संस्था आहे, आम्हांला ग्राहक कायदा लागू नाही' असे उत्तर कित्येकदा ऐकू येते. ते ऐकून माघारी फिरण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात असा निर्णय दिला की, जी रुग्णालये काही रुग्णांकडून पैसे घेतात व काहींना फुकट तपासतात, त्यांची सेवा या कायद्याच्या कक्षेत येते. सर्वांनाच सर्वकाळ फुकट सेवा देणारी रुग्णालये तेवढी बाहेर राहतात. हा निकाल रुग्णालयांविषयीचा आहे. पण संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे यापेक्षा ती पैसे घेते की नाही हे पाहण्याची त्यातील दृष्टी सशुल्क वृद्धाश्रमासही लागू पडावी, असे मला वाटते.

म्हणूनच पावतीवर कोणता शब्द छापला आहे ते पाहावे. दरमहा सक्तीने घेतलेल्या रकमेवर 'देणगी' असे छापलेले असेल तर त्याच वेळी नम्रपणे हरकत घ्यावी. जी न दिली तर आजींची खोली जाते, तिला देणगी म्हणणे हा भाषेचाच गैरवापर आहे. मराठी शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने एवढे बोलावयास हरकत नसावी. संस्थेस खरोखरच देणगी द्यावयाची असेल तर ती जरूर द्यावी, पण निराळ्या पावतीने. आणखी एक बाब. धर्मादाय म्हणून आयकर कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेने चालविलेल्या वृद्धाश्रमात, साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीकडून राहणे, जेवण व देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत शुल्क घेतले जात असेल तर २०१८ साली वस्तू व सेवा करातून त्याला सूट देण्यात आली. तेव्हा अशा संस्थेच्या बिलात कराची ओळ दिसली, तर ती कशापोटी आहे हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मुख्याध्यापकास शाळेच्या कामाखेरीज जी कामे चिकटतात, त्यांत लोकांचे अर्ज लिहून देणे हे एक. त्या निमित्ताने अशी काही प्रकरणे जवळून पाहावयास मिळाली. त्यातील एक येथे सांगतो. कारण ज्या गोष्टीपाशी बहुतेक तक्रारी अडतात ती त्यात स्पष्ट दिसते.

एक आजी. वय ऐंशीच्या पुढचे. मुलगा आखातात, मुलगी बेळगावातच सासरी. आजी शहराबाहेरील एका सशुल्क संस्थेत तीन वर्षे समाधानाने राहत होत्या. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेवीस दिवस रुग्णालयात काढून त्या संस्थेत परतल्या. त्या महिन्याच्या बिलात पूर्ण महिन्याचे भोजन लावलेले होते, 'विशेष सेवा' म्हणून एक ठोक रक्कम होती आणि पुढील महिन्यापासून वरच्या श्रेणीचा दर लागेल अशी एक ओळ होती. मुलीने बिल पाहिले आणि तिचा संताप झाला. ती तडक कार्यालयात जावयास निघाली, तेव्हा आजींनी तिचा पदर धरून ठेवला. "काही बोलू नकोस गं. तू घरी जाशील, राहायचं मला आहे."

या एका वाक्यात सगळ्या विषयाची गाठ आहे. दुकानदाराशी भांडण झाले तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. येथे तक्रार करणारा बाहेर असतो आणि तिचे परिणाम भोगणारा आत. रात्री घंटा वाजविल्यावर बाई पाच मिनिटांत येणार की पाऊण तासाने, हे बिलावरच्या वादानंतर बदलेल काय, ही भीती आजींच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार आहे असे कोण म्हणेल? पाण्यात राहून माशाशी वैर करण्याची ताकद त्या वयात उरत नाही. म्हणून आईच्या वतीने तक्रार करताना पहिली परवानगी आईची घ्यावी. ती नको म्हणाली तर गप्प बसावे असे नव्हे. पण काय विचारणार, कोणाला विचारणार आणि कोणत्या शब्दांत विचारणार, हे तिला आधी सांगावे. आपल्या माघारी आपल्यावरून भांडण चालले आहे, ही जाणीव वृद्ध माणसाला बिलापेक्षा अधिक जड जाते.

या प्रकरणात झाले ते असे. मुलीने तावातावाने जाणे रद्द केले. आजींशी बोलून एक पत्र लिहिले गेले. त्यात प्रथम तीन वर्षांच्या चांगल्या सेवेबद्दल आभार होते, आणि ते खोटे नव्हते. मग तीन प्रश्न होते: तेवीस दिवस आजी रुग्णालयात असताना भोजनाचे पैसे कोणत्या कलमानुसार लावले, 'विशेष सेवा' म्हणजे कोणी, कोणत्या दिवशी, किती तास केलेली सेवा, आणि श्रेणी बदलण्याचा निर्णय कोणत्या वैद्यकीय तपासणीवरून घेतला. नेहमीची रक्कम पत्रासोबत भरली आणि वादाच्या रकमेपुरते उत्तर पंधरा दिवसांत मागितले. पत्र व्यवस्थापकास न देता विश्वस्तांच्या नावे दिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

विश्वस्तांनी बोलावून घेतले. चौकशीत निघाले ते असे की, रुग्णालयात गेलेल्यांची नोंद स्वयंपाकघराच्या वहीत होतच नसे. त्यामुळे सर्वांनाच महिनाभराचे भोजन लागे. कोणाचा हेतू वाईट नव्हता, पण आजवर कोणी विचारलेही नव्हते. तेवीस दिवसांचे भोजनाचे पैसे परत मिळाले आणि वहीत एक नवा रकाना आला. 'विशेष सेवे'चा तपशील नीट देता आला नाही. ती रक्कम निम्मी झाली. वरच्या श्रेणीचा दर मात्र कायम राहिला. माझ्या मते ते रास्तच होते. कारण खुबा मोडलेल्या बाईला उठविणे-बसविणे, न्हाऊ घालणे यास दोन माणसे लागतात. मुलीला ते पटावयास जरा वेळ लागला. आजींना विचाराल तर त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट निराळीच होती: त्या दिवसानंतरही रात्रीची बाई पूर्वीसारखीच हाकेला येत राहिली.

सर्वच प्रकरणे अशी सुखान्त होत नाहीत. विश्वस्तांपाशीही दाद लागली नाही तर पुढची पायरी कोणती? संस्था सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्रात व गुजरातेत धर्मादाय आयुक्त आहेत; मध्य प्रदेशात १९५१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक न्यासांचे निबंधक आहेत. मात्र हे अधिकारी न्यासाचा कारभार पाहतात. तुमच्या बिलातील चार हजारांचा निवाडा करणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे नोंदविलेली तक्रार संबंधित संस्थेपर्यंत पोहोचविली जाते आणि कित्येक लहान वाद तेवढ्यानेच मिटतात. हेल्पलाइनला निवाडा देण्याचा अधिकार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

निवाड्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगास आहे. याचे नाव काढताच मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांपुढे काळे कोट आणि तारखांमागून तारखा उभ्या राहतात. तारखांची भीती काही खोटी नाही; कायद्याने साधारण तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवली आहे आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. पण बाकीची भीती अवास्तव आहे. वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही. सेवेपोटी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस फी पडत नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये एवढीच फी आहे. तक्रार घरबसल्या संगणकावरूनही दाखल करता येते. त्यासाठीची 'ई-जागृति' ही व्यवस्था २०२५ च्या आरंभी सुरू झाली. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोन्ही पक्ष राजी असतील तर मध्यस्थीची सोयही आहे, आणि वृद्धसेवेच्या प्रकरणांत ती सर्वांत आधी मागून घ्यावी, कारण आजी अजून तेथेच राहत असतात.

२०१९ च्या कायद्याने केलेला एक बदल आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहून नातेसंबंध महाराष्ट्रात राखणाऱ्या कुटुंबांच्या विशेष उपयोगाचा आहे. पूर्वी तक्रार सहसा प्रतिपक्षाच्या गावी किंवा कारण जेथे घडले तेथे करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. वडील पुण्याच्या संस्थेत, शुल्क भरणारा मुलगा बडोद्यात, अशा स्थितीत त्याने बडोद्यातूनच दाद मागावी. रेल्वेच्या भाड्यात तक्रारीचे पैसे घालविण्याची गरज उरलेली नाही. याच कायद्याने 'अनुचित करार' ही नवी कल्पना आणली. अवाच्या सव्वा अनामत मागणे, लहानशा नियमभंगाला नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणे, सबळ कारणाविना एकतर्फी करार मोडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणे, अशी कलमे असलेला करारच आता तक्रारीचा विषय होऊ शकतो. मात्र अशी तक्रार जिल्ह्यात चालत नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. 'तुम्ही सही केली आहे ना?' या प्रश्नापुढे आजवर माणूस निरुत्तर होत असे. आता तसे होण्याचे कारण नाही.

येथे एक तुलना करण्याचा मोह होतो. आपल्यापैकी काहींची मुले इंग्लंडात स्थायिक आहेत, त्यांच्याकडून तिकडच्या वृद्धसेवेविषयी ऐकावयास मिळते. तेथे हा सारा विषय सार्वजनिक कारभाराचा भाग आहे. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टनुसार स्थानिक कौन्सिल माणसाची मिळकत व पुंजी पाहून सेवेच्या खर्चात त्याने किती वाटा उचलावा हे ठरविते. २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी असणाऱ्यास सामान्यतः निवासी सेवेचा सगळा खर्च स्वतःच करावा लागतो. ही मर्यादा २०१० नंतर वर्षानुवर्षे तशीच राहिल्याबद्दल तिकडे बरीच नाराजी आहे. म्हणजे तिकडेही सगळे आलबेल नाही. पण आकारणी चुकली असे वाटले तर आधी कौन्सिलकडे आणि तेथे समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते. हा लोकपाल स्थानिक कारभार व समाजसेवा यांच्यासाठीच नेमलेला आहे, फी घेत नाही, आणि २०१० पासून खासगी संस्थांत स्वखर्चाने राहणाऱ्यांच्या तक्रारीही ऐकतो. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने तर २०१८ साली प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या मोठ्या रकमेवरून एका संस्थासमूहाची चौकशी करून त्याला रहिवाशांना वीस लाखांहून अधिक पौंड परत द्यावयास लावले. वृद्धसेवेच्या बिलापुरता असा निराळा लोकपाल आपल्याकडे नाही. आपल्या आजींचे बिल मोबाइलच्या आणि विमानतिकिटांच्या तक्रारींच्या रांगेतच उभे राहते. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने २०१९ साली निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली खरी, पण तत्त्वे राज्यांनी स्वीकारीपर्यंत तत्त्वेच राहतात.

एवढे लिहिल्यावर संस्थांची बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. चांगली वृद्धसेवा स्वस्त असू शकत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ते न केल्यास पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. रात्रीचे दोन व चार वाजतातच. हे काम ज्या बायका करतात त्यांना आपण सर्वजण 'मावशी' म्हणतो, आणि एकदा मावशी म्हटले की पगाराचे बोलणे आपोआप मागे पडते. नात्याचा शब्द वापरून मजुरी कमी करण्याची ही कला आपल्या समाजास चांगली साधली आहे. मी पाहिलेल्या एका प्रकरणात घरच्यांनी भांडून दर कमी करून घेतला आणि संस्थेने तो खड्डा रात्रपाळीची एक बाई कमी करून भरला. तक्रार यशस्वी झाली असे कागदावर म्हणता येईल; पण तिचा भुर्दंड पडला तो उरलेल्या एकटीवर आणि तिच्या हाकेची वाट पाहणाऱ्या खाटांवर. दर अधिक आहे ही तक्रार आणि ज्या सेवेचे पैसे घेतले ती मिळाली नाही ही तक्रार, या दोहोंत फरक करावा. पहिलीबाबत फार तर वाटाघाट करावी. दुसरी सोडू नये.

आणखी एका प्रकारच्या तक्रारी असतात. त्या संस्थेविरुद्ध म्हणून येतात, पण दोन ओळी वाचताच लक्षात येते की भांडण भावाभावांचे आहे. थोरला म्हणतो धाकट्याने निम्मे द्यावेत. धाकटा म्हणतो, संस्था थोरल्याने निवडली, एवढी महागडी कशाला? आणि थकबाकीची पत्रे मात्र वडिलांच्या खोलीत जाऊन पडतात. अशा वेळी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा आठवावा. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरील न्यायाधिकरणापुढे वृद्ध व्यक्ती स्वतः किंवा तिने अधिकार दिलेली अन्य व्यक्ती अर्ज करू शकते. निर्वाहात अन्न, वस्त्र व निवारा यांसह औषधोपचारही येतो. एकाच मुलावर अर्ज झाला तर तो इतर भावंडांनाही त्यात ओढू शकतो. अपत्य नसेल तर ज्यांना पुढे मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकांवर, मिळणाऱ्या वाट्याच्या प्रमाणात, ही जबाबदारी येते. वाडा पुतण्याला आणि बिल भाचीला, असे चालत नाही. निर्णयासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. उणीव एवढीच की, या कायद्याने दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली, आणि ती उठविण्यासाठी २०१९ साली मांडलेले दुरुस्ती विधेयक संमत न होताच सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ साली बारगळले. दहा हजारांत सशुल्क संस्थेचा महिना कसा निघावा, हे कोणी सांगावे! म्हणून शक्य तर भावंडांनी आपसांतील वाटणीचा एक साधा कागद वेगळा करावा आणि संस्थेशी करार मात्र एकाच्याच नावे ठेवावा. पाच जणांकडून थोडे थोडे जमविणाऱ्या कारकुनास कोणाचाच हिशेब नीट ठेवता येत नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांवर अवलंबून राहणाऱ्या प्रौढ मुलांच्या पालकांसाठी एक निराळी गोष्ट सांगावयास हवी. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचे पत्र घ्यावे लागते. हे पत्र नसेल तर बिलाबाबत विचारणा करणाऱ्या थोरल्या बहिणीस 'तुमचा काय संबंध?' असे उत्तर मिळू शकते. आई-वडील हिंडते-फिरते आहेत तोवरच हे पत्र आणि त्यांच्या पश्चात कोण, याची व्यवस्था करून ठेवावी.

शेवटचा हिशेब मृत्यूनंतरचा. तो सर्वांत कमी मागितला जातो. तेरावा होईपर्यंत कोणास सुचत नाही, आणि नंतर त्या आवारात पाऊल टाकवत नाही. अनामत तेथेच राहते. कायद्याने मृत ग्राहकाच्या वारसास तक्रारीचा अधिकार दिला आहे; पण अनामत परत मागताना पुष्कळ ठिकाणी मूळ पावती मागतात आणि ती नेमकी सापडत नाही. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच एका पाकिटात अनामतीची मूळ पावती, कराराची प्रत, रक्कम कोणास परत द्यावी याविषयी आजींच्या सहीचे पत्र आणि त्यांनी बरोबर नेलेल्या वस्तूंची यादी ठेवावी. यादी करताना आजी हसतील. तरी सारे लिहावे: चष्मे दोन, कानाचे यंत्र एक, पितळी तांब्या एक, देव पाच, घोंगडी एक. यादीच्या खाली संस्थेचा शिक्का घ्यावा आणि पाकीट, पैसे पाठविणाऱ्या मुलाकडे न देता, जो गावातच राहतो त्याच्या कपाटात ठेवावे.